याला गोंगाट म्हणू नका

एका जनुकातून कामाचे असे एकच प्रथिन तयार होते, आणि त्याच जनुकाची बाकीची जी रूपे प्रयोगशाळेत दिसतात ती पेशीच्या यंत्रणेतला निव्वळ गोंगाट असतो, असे मानणारा एक पक्ष जीवशास्त्रात आहे. तो अडाण्यांचा पक्ष नाही. २०१७ साली मायकल ट्रेस, फेडेरिको आबास्कल आणि अल्फोन्सो व्हॅलेन्सिया या तिघांनी प्रथिनांच्या मोठमोठ्या मोजण्या समोर ठेवून सांगितले की, आरएनएच्या पातळीवर कितीही विविधता दिसली तरी बहुतेक जनुकांचे एकच मुख्य प्रथिन हाती लागते, आणि पर्यायी तुकड्यांपैकी बहुतेक उत्क्रांतीने जपलेलेही दिसत नाहीत. त्याच वर्षी टोरांटोच्या बेंजामिन ब्लेंको यांनी त्यांना उत्तर दिले. वाद सभ्यपणे आणि पुराव्यांवर चालला, आणि ट्रेस यांच्या बाजूने बरेच खरेही होते.

माझे भांडण त्या लेखापेक्षा त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी आहे. ‘बहुतेक रूपे बिनकामाची’ हे सगळ्या शरीरावर आणि सगळ्या जनुकांवर काढलेल्या सरासरीचे विधान आहे. त्यावरून ‘म्हणजे रूपांकडे पाहण्याची गरज नाही’ असे म्हणता येत नाही. तरी नेमके तेच केले जाते. तपासणीच्या अहवालात जनुकाचे नाव येते, त्यात बदल आहे की नाही एवढे येते, आणि बदल किरकोळ वाटला की विषय तिथेच मिटतो. विद्यार्थ्यांच्या मनात एक जनुक, एक प्रथिन, एक काम अशी सरळ रेघ पक्की बसलेली असते. बीडल आणि टेटम यांच्या १९४१च्या प्रयोगांतून ती रेघ आली आणि तिच्या काळात ती क्रांतिकारक होती. रक्ताच्या बाबतीत ती पुरत नाही. अस्थिमज्जेतली एखादी पेशी तांबडी पेशी होणार, प्लेटलेट तयार करणारी मेगाकॅरिओसाइट होणार, की कर्करोगाच्या वाटेला लागणार, याचा निकाल पुष्कळदा जनुक असण्यानसण्यावर लागत नाही. त्याच्या प्रथिनाचे कोणते रूप, किती प्रमाणात आणि कोणत्या वयात हजर आहे, यावर लागतो.

गाटा-१ हे जनुक घेऊ. ते एक्स गुणसूत्रावर आहे. त्याचे प्रथिन डीएनएवर जी-ए-टी-ए हा अक्षरक्रम शोधून तिथे बसते आणि तांबड्या पेशींना लागणारी जनुके चालू करते. १९८९ साली ते वेगळे काढले गेले. उंदरातून हे जनुक पूर्ण काढून टाकले तर पिल्लू गर्भातच, अकराव्या दिवसाच्या आसपास, रक्ताअभावी मरते. इथवर गोष्ट सरळ रेघेत बसते.

पण गाटा-१ दोन प्रथिने बनवते. पूर्ण रूपात ४१३ अमिनो आम्ले असतात. आखूड रूप ८४व्या आम्लापासून सुरू होते, म्हणजे सुरुवातीची ८३ आम्ले त्यात नसतात. त्याला गाटा-१ एस म्हणतात. ते दोन वाटांनी तयार होते. कधी रायबोसोम पहिला आरंभबिंदू ओलांडून पुढच्या आरंभबिंदूवर काम सुरू करतो, तर कधी आरएनएची जुळणी होताना दुसरा एक्झॉन, म्हणजे जनुकाचा जोडला जाणारा एक तुकडा, गळून जातो. निरोगी माणसाच्या रक्त तयार करणाऱ्या पेशींत ही दोन्ही रूपे सापडतात. डीएनएला धरणारे दोन्ही झिंक फिंगर आखूड रूपात शाबूत असतात, सोबतच्या फॉग-१ या प्रथिनाशी जोडून घेण्याची क्षमताही शाबूत असते. कागदावर पाहिले तर आखूड रूप म्हणजे पूर्ण रूपाचीच थोडी कमी लांबीची प्रत वाटावी. गोंगाटवादी त्याला गोंगाटाच्याच रकान्यात टाकतील.

आता डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांकडे या. या मुलांमध्ये २१व्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात. त्यांच्यापैकी साधारण दहातल्या एका बाळाच्या रक्तात जन्मतः किंवा पहिल्या काही दिवसांत अपक्व पेशी मोठ्या संख्येने दिसतात. स्लाइड पाहणाऱ्याला तो सरळ ल्युकेमिया वाटतो. पण बहुतेक बाळांत दोन-तीन महिन्यांत तो आपोआप ओसरतो. पुढे यांपैकी सुमारे पाचातल्या एका मुलाला वयाच्या चौथ्या वर्षाच्या आत खरा मायलॉइड ल्युकेमिया होतो. हे का होते, हे फार वर्षे कळत नव्हते. २००२ साली जॉन क्रिस्पिनो यांच्या गटाने या मुलांच्या ल्युकेमिया पेशींत गाटा-१ तपासले. बदल सापडले आणि ते सारे दुसऱ्या एक्झॉनच्या परिसरात एकवटलेले होते. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी होती, कुठे दोन अक्षरे गळलेली, कुठे चार जास्त आलेली, पण परिणाम एकच. पूर्ण रूप बनणे बंद पडले होते आणि गाटा-१ एस तेवढे चालू राहिले होते.

यात काय घडले ते नीट पाहा. जनुक नाहीसे झालेले नाही. ते निकामीही झालेले नाही, त्याचे प्रथिन बनते आहे, डीएनएवर बसते आहे. फक्त दोन रूपांपैकी एक उरले आहे, आणि तेही असे रूप जे निरोगी पेशीत आधीपासून होतेच. गर्भाच्या यकृतातल्या पेशींचे आयुष्य यामुळे वेगळ्या रस्त्याला लागते. गळलेल्या त्या ८३ आम्लांमध्ये पेशींच्या विभाजनाला लगाम घालणारा भाग असतो. पूर्ण गाटा-१ पेशीविभाजन पुढे रेटणाऱ्या ई-२-एफ कुळातल्या प्रथिनांना दाबते. आखूड रूपाला ते जमत नाही, आणि मेगाकॅरिओसाइटच्या वाटेवरच्या पेशी थांबायच्या तिथे न थांबता वाढत राहतात. तांबड्या पेशींच्या वाटेवर उलटे होते. फिलाडेल्फियात स्टेला चाऊ आणि मिचेल वाइस यांच्या गटाने केवळ गाटा-१ एस बनवणाऱ्या मूळपेशी वाढवून पाहिल्या, तेव्हा तांबड्या पेशी नीट तयार होईनात, मेगाकॅरिओसाइट आणि इतर मायलॉइड पेशी मात्र जोमाने आल्या. एकाच प्रथिनाचे एकच रूप एका वाटेला खीळ घालते आणि दुसरीला वेग देते. ज्याचा परिणाम इतक्या ठरावीक दिशेने आणि इतका नेमका होतो त्याला गोंगाट म्हणायला कुठला आधार उरतो?

यावर एक उत्तर मला नेहमी मिळते. हा आजार आहे, अपवाद आहे, तीन गुणसूत्रांच्या अवघड परिस्थितीतला बिघाड आहे, त्यावरून सामान्य नियम काढू नका. मग ब्राझीलमधल्या त्या कुटुंबाचे काय? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या एका घरातल्या पुरुषांमध्ये वंशपरंपरेने आलेला असा बदल सापडला की, ज्यामुळे त्यांचे शरीर जन्मापासून फक्त गाटा-१ एस बनवत होते. त्यांना २१वे गुणसूत्र जास्तीचे नव्हते. त्यांना रक्तक्षय होता, पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल कमी होत्या, आणि ल्युकेमिया कोणालाच नव्हता. तेच आखूड रूप एका संदर्भात ल्युकेमियाकडे नेते, दुसऱ्या संदर्भात रक्तपेशींची निर्मिती तेवढी अडवते.

२०१२ साली विजय शंकरन आणि सहकाऱ्यांनी डायमंड-ब्लॅकफन ॲनिमिया असलेल्या दोन भावांचे सर्व एक्झॉन वाचले. १९३८ साली लुई डायमंड आणि केनेथ ब्लॅकफन यांनी वर्णन केलेला हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. यात बाळाच्या अस्थिमज्जेत तांबड्या पेशी जवळजवळ तयारच होत नाहीत, बाकीच्या पेशी बऱ्यापैकी असतात. या भावांच्या गाटा-१ मध्ये दुसऱ्या एक्झॉनच्या अगदी शेवटच्या अक्षराच्या जागी दुसरे अक्षर होते. ब्राझीलच्या कुटुंबात बदललेले अक्षरही तेच.

या एका अक्षरापाशी मला थांबायचे आहे. सरळ रेघेच्या पद्धतीने ते वाचले तर ७४व्या जागी व्हॅलिनऐवजी ल्यूसिन येते, एवढेच निष्पन्न होते. ही दोन्ही आम्ले गुणधर्माने जवळजवळ सारखी आहेत. प्रथिनाच्या आकारावर अशा अदलाबदलीचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून यंत्राने केलेल्या वर्गवारीत असा बदल सहज ‘सौम्य’ या रकान्यात जाऊन बसू शकतो. पण हे अक्षर एक्झॉनच्या काठावर आहे, आणि आरएनएची जुळणी करणारी यंत्रणा तोच काठ ओळखून कात्री चालवते. काठ बिघडला की दुसरा एक्झॉन गळतो आणि पूर्ण प्रथिन बनत नाही. म्हणजे बदल प्रथिनाच्या अक्षरात शोधणाऱ्याला किरकोळ फरक दिसतो, आणि रूपाकडे पाहणाऱ्याला पूर्ण रूपच नाहीसे झालेले दिसते. दोघे एकाच बाळाचा एकच डीएनए वाचत असतात.

गोष्ट इथेच थांबत नाही. डायमंड-ब्लॅकफनच्या बहुतेक रुग्णांत गाटा-१ मध्ये बदल नसतो. त्यांच्यात रायबोसोमच्या प्रथिनांची जनुके बिघडलेली असतात. त्यांतले पहिले, आरपीएस-१९, १९९९ साली सापडले. रायबोसोम तर प्रत्येक पेशीला लागतात, मग फक्त तांबड्या पेशीच का अडतात, हा प्रश्न बरीच वर्षे लटकत होता. २०१४ साली शंकरन यांच्याच गटाने दाखवले की रायबोसोम कमी पडले की गाटा-१च्या आरएनएपासून प्रथिन बनणे विशेष करून घटते, कारण त्या आरएनएची सुरुवातीची रचना रायबोसोमला सुरुवात करायला अवघड असते. बाहेरून गाटा-१ वाढवले तेव्हा रुग्णांच्या पेशींमध्ये तांबड्या पेशींची वाढ सुधारली. इथे जनुक बरोबर, आरएनए बरोबर, आणि प्रथिन अपुरे. ‘गाटा-१ नॉर्मल’ असे शब्द ज्या अहवालात असतील तो अहवाल खोटा नसेल, पण बाळाच्या पेशींत काय चालले आहे याबद्दल तो काहीच सांगत नाही.

थॅलेसेमियातही हेच प्रथिन तिसऱ्याच वाटेने हरवते. पॅरिसमध्ये ऑलिव्हिए एर्मिन यांच्या गटाने दाखवले की, तांबडी पेशी पक्व होत असताना कॅस्पेज नावाची कात्रीसारखी प्रथिने जागी होतात आणि त्या वेळी एचएसपी-७० हे रक्षक प्रथिन केंद्रकात जाऊन गाटा-१ला तुटण्यापासून वाचवते. बीटा थॅलेसेमियात सुटी पडलेली हिमोग्लोबिनची अल्फा साखळी या रक्षकाला केंद्रकाबाहेर अडकवून ठेवते, आणि गाटा-१ तुटते. महाराष्ट्रात सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा समाजांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात, आणि मुलाला आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त का चढवावे लागते याचे उत्तर त्या घरांना ‘बीटा जनुकात दोष’ एवढ्याच शब्दांत दिले जाते. बीटा जनुकातला दोष हे मूळ आहे, हे खरेच. पण मज्जेत पेशी पिकण्याआधी का मरतात याचे उत्तर दुसऱ्या एका प्रथिनाच्या तुटण्यात आहे.

आता निरोगी रक्ताबद्दल. माणसाच्या मज्जेत दर सेकंदाला २० लाखांच्या आसपास तांबड्या पेशी तयार होतात. प्रत्येकीला पुढचे सुमारे १२० दिवस स्वतःच्या व्यासापेक्षा अरुंद केशवाहिन्यांतून दुमडून जायचे असते, तेही केंद्रक गमावल्यावर, म्हणजे दुरुस्तीची सोय नसताना. हे ज्या पटलामुळे शक्य होते त्या पटलाखाली स्पेक्ट्रिन आणि ॲक्टिन यांची जाळी असते आणि ४.१-आर नावाचे प्रथिन त्या जाळीच्या गाठी बांधते. या प्रथिनाचे जनुक इतरही अनेक पेशींत चालू असते. पण स्पेक्ट्रिन-ॲक्टिनला घट्ट धरणारा भाग १६व्या एक्झॉनमध्ये आहे, आणि तो अवघ्या २१ आम्लांचा आहे. सुरुवातीच्या पेशी तो एक्झॉन गाळतात. तांबडी पेशी पिकत आली की गाळणी उठते आणि एक्झॉन आत घेतला जातो. जॉन कॉनबॉय आणि नरला मोहनदास यांच्यासारख्या संशोधकांनी आयुष्याची वर्षे घालून हा बदल उलगडला. जनुक तेच, ते चालू आहे हेही तेच, आणि २१ आम्लांच्या फरकावर पेशीच्या पटलाची मजबुती ठरते. हा आजार नव्हे, हा अपवादही नव्हे. वाचकहो, हे वाक्य वाचताना तुमच्या मज्जेत हीच निवड लाखो पेशी करत आहेत.

पांढऱ्या पेशींतही असेच. बी पेशी आपला अँटीबॉडी रेणू आधी पटलावर रोवून ठेवते, आणि प्लाझ्मा पेशी झाली की तोच रक्तात सोडते. हे दोन वेगळ्या जनुकांचे काम नाही. १९८० साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की आयजीएमच्या जड साखळीच्या एकाच जनुकापासून शेपटी वेगळी असलेली दोन रूपे निघतात, एक पटलात रुतणारे, एक बाहेर जाणारे. टी पेशींच्या बाबतीत तर गोंगाटवाद्यांचा युक्तिवाद त्यांच्याच प्रयोगशाळेत रोज खोडला जातो. सीडी-४५ या प्रथिनाचे लांब आरए रूप दिसले की पेशी अननुभवी, एक्झॉन गाळलेले आरओ रूप दिसले की पेशी पूर्वी शत्रू पाहिलेली, असे सर्वसाधारण वाचन फ्लो सायटोमीटरवर जगभर केले जाते. ज्या रूपांना पाहून आपण पेशी ओळखतो, त्यांनाच सिद्धान्तात अर्थहीन म्हणायचे, हे मला पटत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप मोजणीचा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर द्यायला हवे. पर्यायी रूपे इतकी महत्त्वाची असती तर मास स्पेक्ट्रोमीटरने ती ढिगाने दाखवली असती, असे ट्रेस यांच्या बाजूचे म्हणणे आहे. मोजणी कशी होते ते पाहू. प्रथिने ट्रिप्सिन या एन्झाइमने लहान तुकड्यांत कापली जातात आणि तुकड्यांवरून मूळ प्रथिन ओळखले जाते. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिन या दोन आम्लांपाशी कापते. एक्झॉनच्या जोडांवर नेमकी हीच आम्ले पुष्कळदा येतात, त्यामुळे दोन एक्झॉन जोडल्याचा पुरावा देणारा तुकडा तिथेच फाटतो. गाटा-१ एसची स्थिती याहून अवघड आहे. त्यातला प्रत्येक तुकडा पूर्ण प्रथिनातही असतो. अगदी टोकाचा एक तुकडा सोडला तर या पद्धतीने ते दिसणारच नाही. शिवाय पूर्ण आरएनएवरच पुढचा आरंभबिंदू वापरून ते बनत असेल, तर आरएनएच्या मोजणीतही ते वेगळे दिसत नाही. वेस्टर्न ब्लॉटवर मात्र दोन पट्ट्या स्पष्ट उमटतात, एक पूर्ण, एक आखूड. म्हणजे रक्ताच्या संशोधनातले सर्वांत ठळक पर्यायी रूप या मोठ्या मोजणीच्या जाळ्यातून जवळजवळ सहज निसटणारे आहे. जे जाळे हे पकडू शकत नाही, त्याच्या रिकामेपणावरून समुद्रात काही नाही असा निवाडा करणे शास्त्राला धरून नाही.

दुसरी अडचण सरासरीची. मज्जेतल्या मूळपेशी आणि त्यांच्या लगतच्या पूर्वज पेशी फार थोड्या असतात. निर्णय त्यांच्यात होतो. पंढरपूरच्या वारीचे विमानातून छायाचित्र घेतले तर लाखो टोप्या दिसतील, चोपदार दिसणार नाही, पण जो दंड उंचावला की सगळे टाळ-मृदंग थांबतात तो त्याच्याच हातात असतो. सगळ्या ऊतीचा कुटून काढलेला रस मोजला की दुर्मिळ पेशींतले रूप आकडेवारीत बुडते. ब्लूप्रिंट प्रकल्पातल्या संशोधकांनी २०१४ साली माणसाच्या रक्ताच्या पूर्वज पेशी प्रकारवार वेगळ्या करून त्यांचे आरएनए वाचले, तेव्हा आधी नोंदच नसलेले हजारो जोड सापडले. त्यांपैकी एनएफआयबी या जनुकाचे एक आखूड रूप मेगाकॅरिओसाइट घडण्यात भाग घेते, हेही त्यांनी पेशींवर तपासून दाखवले. हे रूप नीट वेगळ्या केलेल्या पेशींत शोधल्यामुळे सापडले.

माझ्या बाजूचे लोकही वाहवत गेलेले आहेत, हे मी मान्य करतो. इकारॉस या प्रथिनाचे आयके-६ हे आखूड रूप ल्युकेमियात सापडले तेव्हा ते चुकीच्या जुळणीचे फळ आहे असे बरेच दिवस मानले गेले. २००८ साली चार्ल्स मलिगन यांनी दाखवले की त्या पेशींच्या डीएनएतूनच मधले एक्झॉन कापले गेलेले असतात. म्हणजे जनुकाची जुनी पद्धतच तिथे बरोबर ठरली. बीसीएल-११ए या प्रथिनाचेही तसेच. गर्भातले हिमोग्लोबिन प्रौढपणी बंद करणारे हे प्रथिन गर्भात आखूड रूपात असते, असे २००८ साली लिहिले गेले आणि बदलाचे कारण तेच असावे असे वाटले. पुढे २०२० साली दिसले की गर्भात त्याचे प्रथिन बनणेच लिन-२८बी हे दुसरे प्रथिन रोखून धरते. सिकलसेलवरच्या नव्या जनुकोपचारात याच बीसीएल-११एला तांबड्या पेशींपुरते गप्प केले जाते, आणि विदर्भात, नंदुरबारात सिकलसेलने ग्रासलेल्या कुटुंबांसाठी हा प्रश्न पोटापाण्याइतका जवळचा आहे. म्हणून इथे अचूक असणे जास्तच गरजेचे आहे. प्रत्येक आखूड पट्टी पाहून कथा रचू नये, हे ट्रेस यांच्या लेखातून शिकण्यासारखे आहे आणि मी ते शिकायला तयार आहे. पण लक्षात घ्या, बीसीएल-११एच्या दुरुस्तीतही उत्तर ‘जनुक आहे की नाही’ असे आले नाही. जनुक आहे, आरएनए आहे, प्रथिन किती आणि कधी हाच मुद्दा तिथेही उरला.

वेळेचा मुद्दा तर सरळ रेघेला पेलतच नाही. २००५ साली स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांत फक्त गाटा-१ एस बनत होते. गर्भाच्या यकृतात त्यांच्या मेगाकॅरिओसाइटच्या पूर्वज पेशी बेफाम वाढल्या. जन्मानंतर काही काळाने ते उंदीर धडधाकट झाले. आखूड रूप शरीरात होते तसेच होते, ऐकणारी पेशी बदलली होती. २०२१ साली टोरांटोच्या जॉन डिक यांच्या गटाने माणसाच्या पेशींत हेच करून पाहिले. ल्युकेमियाच्या आधीची अवस्था गर्भाच्या यकृतातल्या, २१वे गुणसूत्र तिप्पट असलेल्या मूळपेशींत गाटा-१ एस आणल्यावर उमटली. आणि त्या जादा गुणसूत्राचा वाटा कुठून येतो? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात रन्क्स-१ हे जनुक पुढे आले. ते २१व्याच गुणसूत्रावर आहे, आणि त्याच्याही रूपांचे प्रमाण बिघडलेले असते: आखूड ए रूप जास्त, लांब सी रूप कमी. एका प्रथिनाचे चुकीचे रूप आणि दुसऱ्या प्रथिनाच्या रूपांचे चुकीचे प्रमाण, दोन्ही गर्भातल्या एका ठरावीक काळात एकत्र येतात तेव्हा हा आजार उभा राहतो.

हे सगळे प्रयोगशाळेपुरते असते तर मी एवढ्या जोराने बोललो नसतो. आयरीन रॉबर्ट्स यांच्या गटाने २०१३ साली डाउन सिंड्रोम असलेल्या २०० नवजात बाळांचे रक्त बारकाईने वाचले, तेव्हा चौथ्या हिश्शाहून जास्त बाळांत गाटा-१चे असे बदल सापडले. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या अंगावर काहीच लक्षण नव्हते. ब्रिटनमध्ये आता डाउन सिंड्रोम असलेल्या प्रत्येक बाळाची रक्तगणना आणि स्लाइड जन्मानंतर पहिल्या तीन दिवसांत पाहावी अशी मार्गदर्शक सूचना आहे. आपल्याकडे गुणसूत्रांच्या तपासणीत ‘ट्रायसोमी २१’ लिहून आले की निदान पूर्ण झाले असे समजले जाते. आईवडिलांच्या हातात तो कागद पडतो, आणि पुढच्या चार वर्षांत रक्ताकडे लक्ष ठेवायचे आहे हे कुणी सांगेलच असे नाही. आणि हा ल्युकेमिया लवकर सापडला तर औषधांना उत्तम प्रतिसाद देणारा आहे. सायटाराबिन त्यावर विशेष चांगले चालते, आणि त्याच्या कारणांपैकी एक असे दाखवले गेले आहे की गाटा-१ एस असलेल्या पेशींत ते औषध निष्प्रभ करणारे एन्झाइम कमी बनते. ज्या रूपामुळे आजार झाला तेच रूप त्याला औषधापुढे दुबळे करते.

मोठ्या माणसांच्या रक्तातही हे येते. २०११ साली मायलोडिस्प्लेसिया या अस्थिमज्जेच्या आजाराच्या रुग्णांत, विशेषतः ज्यांच्या मज्जेत लोहाची कडी धरलेल्या पेशी दिसतात त्यांच्यात, एसएफ-३बी-१ या जनुकात बदल सापडले. हे जनुक रक्ताचे नव्हे, आरएनए जुळवणाऱ्या यंत्रणेचे आहे. यंत्रणा किंचित चुकते, अनेक प्रथिनांची चुकीची रूपे निघतात, आणि त्यांतल्या एरिथ्रोफेरोन नावाच्या प्रथिनात चार आम्ले जास्त आल्याने शरीर गरज नसताना लोह शोषत राहते. हा शोध २०१९चा आहे. अशा रुग्णाच्या एरिथ्रोफेरोनचे जनुक वाचून काही सापडणार नाही. ते पूर्ण निर्दोष असते.

आणि मुंबईशी थेट संबंध असलेली गोष्ट. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली, रुग्णाच्याच टी पेशींना कर्करोगावर नेम धरायला लावणारी कार-टी उपचारपद्धती, नेक्सकार-१९, हिला २०२३ साली मान्यता मिळाली. परदेशी उपचारांच्या किमतीच्या तुलनेत ती आपल्या रुग्णांच्या आवाक्यात येऊ लागली, याचा मला अभिमान आहे. ती बी पेशींवरच्या सीडी-१९ या प्रथिनावर नेम धरते. २०१५ साली फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी दाखवले होते की, सीडी-१९ वर नेम धरणाऱ्या कार-टीनंतर आजार उलटलेल्या काही रुग्णांच्या ल्युकेमिया पेशी सीडी-१९चा दुसरा एक्झॉन गाळून प्रथिन बनवत होत्या. नेम बसायची जागाच त्या रूपात नसते. पेशी सीडी-१९ बनवणे सोडत नाही, फक्त रूप बदलते, आणि उपचार तिला ओळखत नाही. भारतात हे उपचार वाढतील तसे आजार उलटलेल्या रुग्णांत सीडी-१९ ‘आहे की नाही’ एवढे पाहून भागणार नाही, कोणते सीडी-१९ आहे हे पाहावे लागेल.

शेवटी खर्चाचा आक्षेप येतो. प्रत्येक रुग्णाचे आरएनए वाचणे परवडणार नाही. प्रत्येकाचे वाचा असे मी म्हणतच नाही. काठावरचे अक्षर बदललेले असेल, बदल ‘सौम्य’ म्हणून खाली टाकला असेल आणि बाळाच्या मज्जेत तांबड्या पेशी दिसत नसतील, तर त्याच रक्तातून किंवा मज्जेच्या नमुन्यातून आरएनए काढून एका जनुकाचे दोन एक्झॉन नीट जोडले जातात का, एवढे तपासायचे आहे. त्यासाठी साधे पीसीआर पुरते, आणि जनुकतपासणी जिथे होते तिथे ते यंत्र असतेच. अहवाल लिहिणाऱ्याने ‘आरएनए तपासणी सुचवली जाते’ ही ओळ घालायची, आणि ‘सौम्य’ हा शब्द त्या तपासणीनंतरच वापरायचा.